एका जात्यासाठी घेतलेली भातुकली

तुळशीबागेतून पितळेची भातुकली आणून मला पाच आठवडे झाले. एकतीस नग, सगळे मिळून पाच हजार आठशे रुपये. दोनदा सगळी घासून झाली, एका नगाची दुरुस्ती करून आणली, आणि रोज एकदा तरी त्यातलं काही ना काही हातात घेतलं जातं. म्हणून आता तिच्याबद्दल नीट लिहिता येईल.

पण आधी जात्याचं सांगते, कारण ही भातुकली घेतली ती त्या जात्यासाठी.

माझं माहेर पुण्यात शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला. वाड्यात खालच्या मजल्यावर दोन खोल्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. माझा जन्म त्यानंतर दोन वर्षांनी. ताई तेव्हा सहा वर्षांची होती. आई तिला कडेवर घेऊन शुक्रवार पेठेत आत्याकडे निघाली ती अंगावरच्या कपड्यांनिशी. पाणी ओसरल्यावर वडील परत गेले, तेव्हा खोल्यांत गुडघ्याएवढा चिखल होता. धान्याचे डबे, गाद्या, ट्रंका, ताईची पत्र्याच्या डब्यातली भातुकली, काहीच जागेवर नव्हतं. चिखल उपसताना फावड्याला दगड लागला. ते ताईचं जातं. खालची तळी आधी सापडली, वरची दुसऱ्या दिवशी मोरीपाशी. दोन्ही मिळून आजही माझ्या तळहातावर मावतात. खुंटा तेवढा वाहून गेला.

वडील नारायण पेठेतल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. पुरानंतर घर पुन्हा उभं करताना खेळण्यांचा विचार कुणाच्या डोक्यात येणार! ताईनेही हट्ट धरला नाही, असं आई सांगायची. ती नुसती जातं घेऊन बसायची आणि खुंट्याच्या भोकात बोट घालून फिरवायची. ते बघून वडिलांनी एका पगाराला तुळशीबागेतून पितळेची कळशी आणली, अंगठ्याएवढी. मग पाडव्याला परात, राखीला पळी-पंचपात्र, असा सणावारी एकेक नग. मी खेळायला लागले तोवर भिंतीशी दोन ओळी भरून मांडता येईल एवढी भातुकली झाली होती.

पुढे १९८० च्या आसपास घरोघरी स्टील आलं. ज्यांच्या घरात ते आलं त्यांना वेगळं सांगायला नको. पितळ मोडीत द्यायचं आणि त्यावर थोडे पैसे घालून चकचकीत डबे, पातेली घ्यायची. कल्हई नको, चिंच नको, ताक कळकण्याची भीती नको. आईच्या हातांना त्याने आराम मिळाला, त्याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. पण घंगाळ गेलं, पाणी तापवायचा बंब गेला, हंडे गेले आणि त्यांच्या मागोमाग एका पिशवीत भातुकलीही गेली. दगडाला मोडीत भाव नसतो, म्हणून जातं राहिलं. ताई तेव्हा लग्न होऊन नागपूरला गेली होती. दिवाळीला आली, रिकामं फडताळ उघडून बघितलं आणि काही न बोलता बंद केलं. जाताना जातं तेवढं घेऊन गेली.

यंदा तिने ते भाच्याबरोबर माझ्याकडे ठाण्याला पाठवलं. सोबत चिठ्ठी: ‘तुझ्या नातीला सहा पूर्ण झाली. याला भांडी घेऊन दे.’

मी आधी घरबसल्या मागवून बघितलं. स्टीलचा चाळीस नगांचा संच साडेसातशे रुपयांत आला. पत्रा इतका पातळ की पातेल्याच्या कडेने बोट कापावं. कुकरचं झाकण उघडतच नाही, चिकटवलेलं आहे. किसणीला भोकं नाहीत, नुसते वर आलेले ठिपके. जातं त्या पसाऱ्यात ठेवलं तर ते तिथलं वाटेना. मग ठरवलं, ताईची भांडी जिथून आली तिथूनच आणायची.

पुण्याला हल्ली जाणं होतं ते लग्नामुंजींना, आणि तेही कोथरूड, सिंहगड रस्ता असं कार्यालयांपुरतं. पेठांत मुद्दाम जायला निमित्त उरलेलं नव्हतं. शिवाजीनगरला उतरून भुयारी मेट्रोत बसले आणि तिसऱ्या स्टेशनाला मंडई. २९ सप्टेंबर २०२४ पासून ही मेट्रो स्वारगेटपर्यंत धावते. लक्ष्मी रस्त्यावर रिक्षा अडकून घाम गाळायचे दिवस ज्यांनी काढलेत त्यांना सांगते, गाडी घेऊन जाऊच नका. सरकत्या जिन्याने वर आले आणि मंडईचा अष्टकोनी मनोरा दिसला. १८८६ साली ती बांधली तेव्हाचं नाव रे मार्केट. तिला महात्मा फुले यांचं नाव देण्यात आचार्य अत्र्यांचा पुढाकार होता, हे वडील भाजी घेताना दर वेळी सांगायचे. खिळे जुळवणारा माणूस, अत्र्यांवर त्यांचा फार जीव.

थेट तुळशीबागेत न शिरता मी आधी लक्ष्मी रस्त्याला वळले. हुजूरपागेपर्यंत चालत जाऊन यायचं होतं. माझी शाळा ती. पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेची जागा, १८८४ पासून मुलींची शाळा. आम्ही दोन वेण्या घालून, निळ्या रिबिनी बांधून रस्त्याच्या कडेकडेने जायचो. श्रावण लागला की साड्यांच्या दुकानांच्या पायऱ्यांवर चपलांचे ढीग दिसायचे, आणि आत गादीवर बसलेला माणूस एका झटक्यात साडी अशी उलगडायचा की पदर बाईच्या मांडीवर येऊन पडायचा. अनंत चतुर्दशीला आत्याच्या ओळखीच्या एका गॅलरीत आम्हाला जागा मिळायची. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. हा मानाच्या गणपतींचा क्रम मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला. चौथा आला की ताई कोपराने ढोसायची, ‘आपल्या तुळशीबागेचा आला बघ.’ आपल्या म्हणजे काय, तर आपली भांडी तिथून येतात म्हणून.

आता त्या रस्त्यावर पदपथ असूनही चालायला जागा अशी मिळत नाही. जुन्या वाड्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत. गादीवरची दुकानं गेली असं नाही, काही आहेत, पण मीच त्या पायऱ्या चढले नाही. शाळेच्या दाराशी उभी राहिले. मधली सुट्टी झाली होती. आतून तोच आवाज येत होता, शेकडो मुली एकदम बोलत असल्याचा. मग परत फिरले.

तुळशीबागेबद्दल बाहेरगावच्या लोकांची समजूत असते की ती म्हणजे क्लिपा, बांगड्या आणि खोट्या दागिन्यांची गल्ली. ते सगळं आहेच आणि तिथे घासाघीस करावीच लागते. पण मधोमध रामाचं देऊळ आहे, पेशवाईतले नारो आप्पाजी तुळशीबागवाले यांनी बांधवलेलं, उंच शिखराचं, आणि त्या आवारात शिरलं की गल्लीतला कलकलाट एकदम मागे राहतो. तिथे भांड्यांची दुकानं. समया, निरांजनं, ताम्हनं, लंगडे बाळकृष्ण, अन्नपूर्णा, आणि एका फळीवर भातुकली. वडील मला एकदाच घेऊन गेले होते. त्या वेळी मी सात-आठ वर्षांची असेन. त्यांनी देवाला हात जोडले, दुकानाच्या फळीसमोर मला उचलून धरलं आणि म्हणाले, ‘एकच. नीट बघून सांग.’ मी बंब मागितला. तो परवडण्यातला नसणार, कारण त्यांनी मला खाली ठेवलं आणि आम्ही सांडशी घेऊन आलो.

मी गेले ते मंगळवारी, अकराच्या सुमारास. गर्दी अजून जमायची होती. दुकानात साठीतले एक काका आणि मदतीला एक मुलगा. मी पिशवीतून जातं काढून काचेवर ठेवलं आणि म्हटलं, ‘याच्या मापाने भांडी दाखवा.’ काकांनी ते उचललं, वरची तळी फिरवून बघितली, कानाशी नेली. ‘टाकी कधी लावली होती याला?’ मला हसूही आलं आणि भरूनही आलं. खेळण्यातल्या जात्यालाही टाकी लावतात, म्हणजे छिन्नीने दगडाला खाचा पाडतात, हे मला ठाऊकच नव्हतं.

भातुकलीत मापाचा प्रश्न खरा आहे आणि घेणाऱ्यांनी तो ध्यानात ठेवावा. फळीवर तीन आकारांची भांडी शेजारी शेजारी असतात. मोठी म्हणजे जवळजवळ नैवेद्याच्या वाट्यांएवढी, मधली अंगठ्याएवढी, आणि एक अगदी नखाएवढी, जी फक्त काचेच्या कपाटात मांडायची. एकाच नजरेत सगळी गोड दिसतात आणि घरी आणून मांडली की परातीपेक्षा झारा मोठा निघतो. तयार संच घेतला तर माप जुळतं, पण त्यात ठरलेले नग असतात आणि पत्रा हलका असतो. मी सुटे घेतले. काका एकेक नग जात्याशेजारी ठेवून बघत होते आणि न जुळणारा मुकाट्याने मागे सरकवत होते.

हे चाललेलं असताना शेजारी दोघी बायका येऊन थांबल्या होत्या. एक समईची वात घ्यायला आलेल्या, साताऱ्याकडच्या, माझ्याहून मोठ्या. दुसऱ्या पस्तिशीच्या, कडेवर मूल, बोलण्यावरून विदर्भातल्या. मी दुकानातल्या मुलाला म्हटलं, ‘कालथा दाखव रे त्यातला.’ सातारच्या बाई म्हणाल्या, ‘कालथा? आमच्यात उचटणं म्हणत्यात.’ काका म्हणाले, ‘उलथनं लिहितो मी पावतीवर.’ तेवढ्यात मूल सावरत ती धाकटी म्हणाली, ‘सराटा आहे ना तो?’

सराटा! ताईच्या सासरचा शब्द. लग्नानंतर पहिल्या वेळी माहेरी आली तेव्हा ताईने सांगितलं होतं की सासूबाईंनी सराटा मागितला आणि ती घरभर हुडकत राहिली. मी ते सांगितलं आणि मग आम्ही चौघं फळीवरचं एकेक भांडं उचलून नावं घेऊ लागलो. पातेलं, तर तिकडे गंज. तांब्या, तर गडवा. सातारच्या बाईंच्या माहेरी नगरकडे पातेल्याला भगुनं. ओगराळं दाखवलं तेव्हा धाकटीला नाव येईना, पण म्हणाली, ‘आजीकडे होतं, पंगतीत आमटी वाढायचं.’ सातारच्या बाईंनी शिंकाळं आहे का विचारलं. त्यांच्या लहानपणी मांजरापासून दूध राखायला आढ्याला टांगलेलं असायचं आणि भातुकलीतही त्या सुतळीचं करून टांगायच्या. काकांनी सांगितलं की त्यांच्या आजोबांच्या वेळी चैत्रात बायका लेकीबाळींना घेऊन रांगेने यायच्या, चैत्रगौरीपुढे भातुकली मांडायची म्हणून. त्यावर सातारच्या बाई म्हणाल्या, ‘मग! कैरीची डाळ, पन्हं आणि भातुकली. त्याबिगर आरास होती काय!’

मी तिथूनच ताईला फोन लावला, चित्र दिसेल असा. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती फारशी बाहेर पडत नाही. फोन फळीसमोर धरला आणि ताईने तिथून बोट दाखवायला सुरुवात केली. ‘ती नको, ती कळशी नको, गळा आखूड आहे तिचा. मागची दाखव. हां, बाबांनी आणलेली अशी होती.’ सातारच्या बाईंनी ती मागची कळशी स्वतः पुढे काढून दिली. ताईला त्या कोण हे ठाऊक नव्हतं, त्यांना ताई कोण हे ठाऊक नव्हतं, आणि दोघी दहा मिनिटं घागर-कळशीचे गळे आणि काठ यांवर बोलत होत्या. काकांनी घाई केली नाही. दुकानाला गुण द्यायचे तर मी याचे देईन.

आता भांड्यांबद्दल.

सर्वांत सरस नग म्हणजे सोऱ्या. करंगळीएवढा उंच, पिळायची मूठ फिरते आणि आत तीन चकत्या, शेवेची, चकलीची, पापडीची. घरी मऊ भिजवलेली कणीक घालून बघितली. शेव पडली. चकलीची चांदणी मात्र बारीक असल्याने पीठ अडकतं, ते टाचणीने काढावं लागतं. पोळपाट-लाटणं जड आहे, पितळेचंच, लाटणं फिरवताना सुखद वाटतं. खलबत्ता ओतीव आहे आणि त्यात मी खरोखर वेलदोडा कुटला. परात, पातेली, तसराळं ही पत्र्याची, पण पत्रा बोटाने दाबला तर वाकत नाही, आणि कडा आत वळवलेल्या आहेत. ही वळवलेली कड बघूनच घ्यावी. मुलांच्या हातात द्यायची वस्तू आहे. विळीचं पातं बोथट ठेवलेलं आहे, ते योग्यच. पंपाचा स्टोव्ह दिसायला हुबेहूब, पण त्याची वरची चकती आणि पिन सुटी निघते, घशात जाण्याएवढी लहान. चार वर्षांच्या आतल्या मुलांपासून तो दूर ठेवा.

बंब घेतला. साडेसहाशे रुपये, सगळ्या भातुकलीतला महाग नग. मधला नळा, खाली जाळी, वर टोपण, पुढे फिरणारी तोटी. मी पाणी घालून बघितलं तेव्हा तोटीच्या बुडाशी पाझरत होता. काका म्हणाले, झाळण्याचा डाग नीट बसलेला नाही, बदलून देतो. दुसरा तसाच, तिसरा पाण्याला बरा निघाला. घरी आणल्यावर दहा दिवसांनी त्याचाही जोड सुटला. पुन्हा पुण्याला जाण्याइतकी सवड नव्हती, म्हणून ठाण्यातच एका भांडी दुरुस्त करणाऱ्याकडून डाग देऊन घेतला, साठ रुपयांत. पाण्याचा नग असेल तर दुकानातच भरून पाच मिनिटं कागदावर ठेवून बघा. मोठ्या बंबाला जी मेहनत लागते तीच लहानाला लागते, आणि लहान नगावर तेवढा वेळ देणं कारागिराला परवडत नसणार, हे मी समजू शकते. तरी साडेसहाशेच्या वस्तूला पक्का जोड असावा.

याच आवाराबाहेर, गल्लीत, एका ठिकाणी मला निम्म्या भावात ‘पितळी’ संच दाखवला होता. माझ्या पर्सच्या बटणात लोहचुंबक आहे. ते जवळ नेलं आणि वाटी चिकटली. पितळ चुंबकाला चिकटत नाही. एवढी एक खूण सगळ्यांनी जवळ ठेवावी.

आणखी एक काळजीची गोष्ट. या भांड्यांना आतून कल्हई नसते. आमच्या लहानपणी दारावर कल्हईवाला यायचा, भाता मारून निखारे फुलवायचा, नवसागराचा पांढरा धूर निघायचा आणि कथलाची कांडी फिरवून कापसाने पुसलं की काळं पातेलं आतून चांदीसारखं व्हायचं. आई त्याला सांगून भातुकलीतली एक-दोन पातेली त्या उरलेल्या कथलात बुडवून घ्यायची. आता असा माणूस शोधूनही मिळत नाही. म्हणून या भांड्यांत ताक, चिंचेचं पाणी, लिंबू-सरबत खेळायलाही घालू नये. कळकतं आणि पोटाला वाईट. आम्ही खेळायचो ते चुरमुरे, डाळं, शेंगदाणे आणि गुळाचा खडा यांवर. तोच बेत अजूनही योग्य आहे. घासायला चिंच आणि बारीक रांगोळी, मग साध्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं पुसायचं. ओली राहिली तर ठिपके पडतात आणि लहान भांड्यांच्या खोबणींतून ते काढणं अवघड.

जात्याचा खुंटा राहिला होता. काकांनी मंडईच्या बाजूला जायला सांगितलं, जिथे पोळपाट, रव्या, पाट मिळतात. एका दुकानात लाकूड कातणारा एक कातारी मागच्या बाजूला बसलेला होता. त्याने भोक बघितलं, म्हणाला, ‘गोल नाही हे, झिजून लांबट झालंय. मशीनवरचा बसणार नाही.’ मग रवीच्या दांड्याचा एक तुकडा घेऊन पटाशीने हातानेच तासला. दोनदा बसवून बघितला, तिसऱ्यांदा ठोकला. भोक लांबट झालं ते ताईच्या बोटाने असं मला म्हणायचं होतं, पण दगड काय बोटाने झिजतो! आधीच्या लाकडी खुंट्यांनीच झिजलेला असणार. मी काही बोलले नाही. त्याने वीस रुपये मागितले. मी जास्त देऊ केले, घेतले नाहीत. टाकी लावणारं मात्र तिथे कुणी नव्हतं. तो म्हणाला, आता मिक्सरच्या जमान्यात पाटा-वरवंटा टाकीला आणतं कोण.

दोन वाजून गेले होते. श्रीकृष्ण भुवनमध्ये मिसळ खाल्ली, मध्यम तिखट. जागेसाठी पंधरा मिनिटं थांबावं लागलं आणि समोर अनोळखी माणसं येऊन बसली, जसं तिथे नेहमी होतं. आम्ही लहान असताना तुळशीबागेत खरेदी झाली की आई बाहेर काही खाऊ द्यायची नाही. म्हणून त्या मिसळीशी माझी लहानपणची आठवण अशी काही जोडलेली नाही. कॉलेजात मैत्रिणींबरोबर पैसे गोळा करून खायचो, तेवढीच. चव तशीच आहे की नाही याचा न्याय मी करणार नाही, मला आवडली.

पाच हजार आठशे रुपये खेळण्याला जास्त आहेत, हे मला मान्य आहे. ज्यांना एवढे एकदम घालायचे नसतील त्यांनी वडिलांसारखं करावं, एका वेळी एकच नग. कळशी एकशे नव्वदला आहे, पळी सत्तरला, सांडशी एकशे दहाला. सुटा नग द्यायला त्या दुकानाने कुठेही नाक मुरडलं नाही, हेही नोंदवते. माझ्यासमोर एका कॉलेजातल्या मुलीने नुसता एक झारा घेतला, आणि तोही त्यांनी कागदात गुंडाळून, पिशवीत घालून दिला.

दोनच गोष्टी मिळाल्या नाहीत. एक चरवी, म्हणजे दुधा-पाण्याचं छोटं भांडं, जी ताईच्या पहिल्या भातुकलीत होती आणि पुरात गेली. काकांकडे होती ती गडूच्या घाटाची होती, ताईने फोनवरच नाकारली. दुसरी, सातारच्या बाईंनी मागितलेलं शिंकाळं. ते मी घरी सुतळीचं विणलंय. पहिलं वाकडं झालं, दुसरं बरं आहे. त्यात दुधाचं पातेलं बसतं.

जात्यावर मी मूठभर तांदूळ दळून बघितले. टाकी नसल्याने पीठ होत नाही, कण्या पडतात. नात दिवाळीला येईल. ताई म्हणते, कण्याच बऱ्या, तीही कण्याच पाडायची आणि खेळ संपला की चिमण्यांना घालायची.